बाटलीचा पुनर्जन्म

जुन्या मराठी घरात टाकून देण्याजोगी वस्तू फार थोडी असे. धोतर विरले की त्याचे पंचे होत, पंचे विरले की त्यांची फडकी होत आणि फडक्यांच्या चिंध्या झाल्या की त्या बंबाच्या कामी येत. लुगड्याची गोधडी होई. गोधडीलाही जे कापड नको असे, ते घेऊन बोहारीण वाटी किंवा पातेले देई, आणि त्या सौद्यात कोण जिंकले हा वाद घरात आठवडाभर चाले. शिशी-बाटलीवाला दारावरून ओरडत जाई. आरे डेअरीचे दूध काचेच्या बाटलीत मिळे, आणि रिकामी बाटली धुऊन परत दिल्याशिवाय भरलेली हातात पडत नसे. हे सगळे काटकसरीपोटी घडे. त्यासाठी कोणी कायदा केला नव्हता, की कोणा इन्स्पेक्टरला दारी यावे लागत नव्हते.

तीच जुनी गोष्ट आज सरकारला राजपत्रात छापून सांगावी लागते आहे. फरक इतकाच की ती आता गृहिणीला न सांगता कारखानदाराला सांगितली जाते: "बाबा रे, तू बाटली कर, डबा कर, पिशवी कर, पण त्यात ठरावीक हिस्सा जुन्या, एकदा वापरून झालेल्या प्लॅस्टिकचा घाल. सगळे नवे कोरे वापरशील, तर जाब द्यावा लागेल."

ऐकायला साधा वाटणारा हा नियम आपल्या स्वयंपाकघराशी किती जवळून जोडलेला आहे, हे पाहण्यासाठी मी काही दिवस आमच्या मिरा-भाईंदरमध्येच हिंडलो. भंगाराची दुकाने पाहिली, कारखान्यांचे गाळे पाहिले, उत्तनच्या किनाऱ्यावर कोळणींशी बोललो. त्या भटकंतीत जे कळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

नियम काय म्हणतो?

आपल्याकडे प्लॅस्टिकच्या कचऱ्याचे मुख्य नियम 2016 सालचे आहेत. पर्यावरण संरक्षणाच्या 1986 च्या कायद्याखाली ते निघाले. 16 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने त्यांत मोठी दुरुस्ती केली आणि जो माल विकतो, त्याच्याच गळ्यात वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी बांधली. तेल, शाम्पू किंवा सरबत विकणाऱ्या कंपनीने जितके प्लॅस्टिक बाजारात ओतले, त्याचा हिशेब तिने द्यायचा. ते गोळा होऊन पुन्हा कामी लागेल असे पाहायचे. आणि शिवाय आपल्या नव्या वेष्टनांत जुने प्लॅस्टिक मिसळायचे.

किती मिसळायचे, याची चढती पायरीही त्या दुरुस्तीने घालून दिली. बाटल्या, डबे, बरण्या अशी कडक वेष्टने पहिल्या वर्गात येतात. त्यांच्यासाठी 2025-26 सालापासून 30 टक्के, मग 40, मग 50 आणि 2028-29 पासून 60 टक्के जुना माल सांगितला. दुधाच्या पिशवीसारखी लवचीक वेष्टने दुसऱ्या वर्गात. त्यांना 10 टक्क्यांपासून सुरुवात करून 20 पर्यंत जायचे. प्लॅस्टिकला कागद किंवा ॲल्युमिनियम अशा परक्या पदार्थाचा थर चिकटवलेली वेष्टने तिसऱ्या वर्गात. त्यांना आधी फक्त 5 टक्के आणि पुढे 10.

दोन गोष्टी येथेच स्पष्ट केलेल्या बऱ्या. हा हिशेब प्रत्येक बाटलीचा सुटा होत नाही. कंपनीच्या वर्षभराच्या एकूण मालावर होतो. आणि नियम वेष्टनांचा आहे, बादल्या-मगांचा नाही. बादल्या, कुंड्या, टोपल्या यांत जुने प्लॅस्टिक कित्येक वर्षे जातच आहे. स्वस्तातली बादली बहुधा गडद रंगाचीच का असते, असा प्रश्न कधी पडला आहे का? नाना रंगांचे जुने प्लॅस्टिक एकत्र वितळवले की त्याला मातकट, कळकट छटा येते. ती झाकायला काळा किंवा गडद रंग घालण्यावाचून गत्यंतर नसते. पांढरे शुभ्र होणे त्याच्या नशिबात नसते.

कालचा नकोसा, आजचा हवासा

यातली मौज कळायला थोडे मागे जावे लागेल. प्लॅस्टिकवर आपल्याकडे देशपातळीवर नियम झाले ते 1999 साली, आणि त्यांचा रोख नेमका उलटा होता. जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत खाद्यपदार्थ देऊ नयेत, असे ते नियम बजावत होते. कोरे प्लॅस्टिक पांढरे किंवा नैसर्गिक रंगाचे असावे, म्हणजे जुने कोणते आणि नवे कोणते ते गिऱ्हाइकाला पाहताक्षणी कळेल, अशी त्यामागची युक्ती होती. भाजीवाल्याच्या त्या काळ्या-निळ्या पिशव्या आठवतात ना? त्यांत कुठला रंग आणि कुठले रसायन आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसे. भीती अगदी खरी होती.

2016 च्या नियमांतही हा मज्जाव कायम राहिला. 2021 साली दार किलकिले झाले: अन्नसुरक्षेच्या अटी पाळून खाद्यपदार्थांच्या वेष्टनात जुने प्लॅस्टिक चालेल. 2022 साली ते चालेल एवढेच नव्हे, तर घातलेच पाहिजे, असे ठरले. 2025 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाण्या-सरबताच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक कसे शुद्ध केले म्हणजे पुन्हा अन्नाला लावता येईल, याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्याला आता जावयाच्या मानाने पाटावर बसवायचे आहे. पाहुणा मात्र स्वच्छ होऊन आला पाहिजे, आणि तीच खरी अडचण आहे.

गाळ्यातला दाणा

भाईंदर पूर्व म्हणजे छोट्या कारखान्यांचे गाव. एका मजल्यावर स्टीलच्या डब्यांना चकाकी येत असते, दुसऱ्यावर प्लॅस्टिकची झाकणे साच्यातून टपटप पडत असतात. त्यांच्या आसपास भंगाराची दुकाने. अशाच एका दुकानात तासभर बसलो. जागा दहा बाय बारा, त्यात छतापर्यंत गोण्या. दुकानदार एकेक वस्तू उचलतो, नखाने टिचकी मारतो, आवाज ऐकतो आणि ज्या त्या गोणीत टाकतो. शंका आलीच तर काडी ओढून कोपरा जाळतो आणि वास घेतो. मेणबत्तीचा वास आला तर एक जात, नाकाला झोंबणारा तिखट धूर निघाला तर दुसरी, काजळीचे काळे धागे उडाले तर तिसरी. त्या धुराने फुप्फुसाचे काय होत असेल, ते तोच जाणे.

"साहेब, प्लॅस्टिक प्लॅस्टिक सगळे एक नसते," तो मला म्हणाला, "तांदळात कोलम वेगळा, बासमती वेगळा, तसे. मिसळले की भाव गेला."

एका वाक्यात त्याने सारे रसायनशास्त्र सांगून टाकले. पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लॅस्टिकची, तिचे झाकण वेगळ्या जातीचे, दुधाची पिशवी तिसऱ्या जातीची, नळाचा पांढरा पाइप चौथ्या. प्रत्येकाचा वितळबिंदू निराळा. पेटच्या गोणीत पाइपाच्या जातीचे दोन-चार तुकडे गेले, तर ते पेट वितळण्याआधीच जळू लागतात आणि सगळा घाणा बिघडवतात. डब्याखाली त्रिकोणात 1 ते 7 पर्यंत जो आकडा असतो, तो ही जात ओळखण्यासाठी असतो.

निवडलेला माल टेम्पोत चढतो. कुठे वसईला, कुठे मुंबईच्या धारावीत, कुठे दमण-सिल्वासाकडे. तेथे त्याचा चुरा होतो, चुरा धुतला जातो. पाण्याच्या हौदात एक सुंदर प्रकार घडतो: पेट पाण्याहून जड, म्हणून तळाशी बसतो, झाकणांचा चुरा हलका, म्हणून वर तरंगतो. माणसाच्या बोटांना जे जमत नाही, ते पाणी फुकटात करून देते. मग सुकवणे, वितळवणे, शेवयांसारख्या तारा काढणे आणि त्यांचे बारीक तुकडे पाडणे. या तुकड्यांना व्यापारात "दाणा" म्हणतात. साच्याच्या यंत्राला हाच दाणा खाऊ घालतात.

एका गाळ्याच्या मालकांना मी विचारले, "तुम्ही जुना दाणा का वापरत नाही?" ते हसले. "वापरतो की! पण आजचा दाणा आणि उद्याचा दाणा सारखा असेल, याची हमी कोण देतो? कोऱ्या दाण्याची गोणी फोडली की मला ठाऊक असते, आत काय आहे. जुन्याच्या गोणीत कधी वाळू, कधी लेबलाचा कागद. साचा बिघडला तर दुरुस्तीला जाणारे पैसे दाण्यात वाचलेल्या पैशांहून जास्त." शिवाय प्लॅस्टिक दर वेळी वितळवले की त्याच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात आणि ते कमजोर पडते. म्हणून बहुतेक वेळा जुन्यात थोडे कोरे मिसळावेच लागते. कारखानदार नाखूश असतो तो दुष्टपणामुळे नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

बाटलीचे सोवळे

आमच्या इमारतीतल्या एका आजींना मी ही योजना सांगितली, तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. "म्हणजे कोणी तोंड लावलेल्या बाटलीतून आम्ही पाणी प्यायचे?"

आजींचे उष्ट्याचे भय निराधार आहे. पेटचा चुरा गरम पाण्यात कॉस्टिक सोड्याने धुतात आणि अडीचशे अंशांच्या वर वितळवतात. एवढ्या उष्णतेत कोणाचे उष्टे आणि कोणाचे जंतू! खरे भय दुसरेच आहे, आणि ते आपणच निर्माण करतो. रिकाम्या बाटलीत फिनेल भरायचे, रॉकेल भरायचे, रंगाचे टर्पेंटाइन भरायचे, ही आपली जुनी सवय. प्लॅस्टिक अशी द्रव्ये थोडीफार शोषून घेते. नुसत्या धुण्याने ती निघत नाहीत. अन्नाच्या बाटलीसाठी दाणा करायचा, तर त्याला उच्च तापमानात, निर्वात यंत्रात बराच काळ ठेवून ही शोषलेली द्रव्ये बाहेर काढावी लागतात. परदेशात तर शुद्धीकरणाची यंत्रे तपासताना प्लॅस्टिकला मुद्दाम अशी द्रव्ये पाजतात आणि शेवटी किती उरली ते मोजतात.

ही यंत्रे महाग असतात. त्यामुळे बाटलीपासून पुन्हा बाटली करण्यायोग्य दाणा पुष्कळदा कोऱ्यापेक्षाही महाग पडतो. आपल्याकडच्या जुन्या बाटल्यांचा मोठा भाग आजवर धाग्याकडे गेला तो यामुळेच. तुमच्या उशीतला मऊ कापूस आणि पोरांच्या टी-शर्टातला पॉलिएस्टर हे कदाचित एके काळी रेल्वेच्या फलाटावर लोळणाऱ्या बाटल्या असतील. धागा होणे वाईट नाही. परंतु धाग्याची पुन्हा बाटली होत नाही. म्हणजे पुनर्जन्म झाला, पण तो शेवटचाच.

तेलाचा भाव, भंगाराचा भाव

येथे कोणी विचारील, की फायद्याचे असेल तर व्यापारी आपणहून करतील आणि तोट्याचे असेल तर सक्ती का? उत्तर खनिज तेलाच्या बाजारात आहे. कोरे प्लॅस्टिक तेलापासून आणि वायूपासून बनते. तेल उतरले की कोरा दाणा उतरतो. पण जुन्या दाण्याचा खर्च गोळा करणाऱ्याच्या मजुरीत, टेम्पोच्या भाड्यात आणि धुण्याच्या पाण्यात असतो. तो उतरत नाही. 2020 सालच्या एप्रिलमध्ये साथीच्या धक्क्याने अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला, हे पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी जुना दाणा कोण घेणार? आणि दाणा खपला नाही की भंगारवाल्याचा भाव पडतो. त्याचा पडला की भल्या पहाटे पाठीवर गोणी टाकून निघणाऱ्या बाईचा पडतो. मग ती बाटली उचलणे सोडते आणि बाटली गटारात जाते.

गटारात गेलेल्या प्लॅस्टिकचा इंगा मुंबईकरांना 26 जुलै 2005 रोजी कळला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पावसाला प्लॅस्टिक जबाबदार नव्हते; परंतु पाणी वाहून नेणारी तोंडे पिशव्यांनी बुजली होती. त्यानंतरच महाराष्ट्रात पिशव्यांवर कडक नियम आले आणि 2018 मध्ये मोठी प्लॅस्टिकबंदी आली.

बंदी म्हणते, "हे करू नका." आताचा नियम म्हणतो, "हे विकत घ्या." जुना माल घेण्याची सक्ती झाली की तेलाचा भाव काही असो, त्याला गिऱ्हाईक ठरलेले असते. गिऱ्हाईक ठरलेले असले की कोणी तरी चांगले यंत्र घ्यायला धजतो. बाहेरचे देशही याच वाटेने चालले आहेत. युरोपीय संघाने 2019 मध्येच ठरवले की 2025 पासून पेटच्या पेय-बाटल्यांत 25 टक्के जुने प्लॅस्टिक असावे आणि 2030 पासून पेयांच्या सर्व प्लॅस्टिक बाटल्यांत 30 टक्के. इंग्रजांनी आपल्या व्यापारी स्वभावाला अनुसरून सक्तीऐवजी कर बसवला: 1 एप्रिल 2022 पासून, ज्या वेष्टनात 30 टक्क्यांहून कमी जुना माल, त्यावर टनामागे 200 पौंड. पुढे तो दर वाढवतही नेला. कॅलिफोर्नियाने बाटल्यांसाठी 2022 मध्ये 15, 2025 मध्ये 25 आणि 2030 पर्यंत 50 टक्के अशी शिडी लावली.

दोन धारावी

आता उत्तनची गोष्ट. मुंबईबाहेरच्या वाचकाला धारावी म्हटले की एकच आठवते: माहीमच्या खाडीकाठची, जिथे शहराच्या भंगाराचा दाणा होतो. पण आमच्या मिरा-भाईंदरलाही एक धारावी आहे. भाईंदरच्या पश्चिमेला मुर्धे, राई, डोंगरी, तारोडी, चौक, पाली, उत्तन ही गावे आहेत. तो सारा भाग म्हणजे धारावी बेट. वसईच्या 1737 ते 1739 च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेला येथला धारावीचा किल्ला फार मोलाचा वाटला होता. धारावी देवीचे देऊळ तेथे आजही आहे. शेती, मासेमारी, चर्चचे सुबक मनोरे, वलांडीवर वाळणारे बोंबील असा तो रम्य मुलूख.

गेल्या दीड दशकात मात्र उत्तनजवळचे धावगी हे नाव वर्तमानपत्रांत कचऱ्यासाठी येत राहिले. साऱ्या शहराचा कचरा तेथल्या डोंगरावर जातो. ढिगांना आगी लागल्या, धूर गावांत पसरला, शेतांत काळे पाणी उतरले, म्हणून गावकऱ्यांनी मोर्चे काढले आणि हरित न्यायाधिकरणाचे दारही ठोठावले.

मला वाटते, या दोन धारावींमधले अंतर हाच प्लॅस्टिकचा सारा प्रश्न आहे. आपण टाकलेल्या वस्तूला भाव असला, तर ती त्या धारावीला जाते आणि तिचा दाणा होतो. भाव नसला, तर ती या धारावीला येते आणि तिचा डोंगर होतो.

भाव कशाला नसतो? लिटरभर पाण्याच्या बाटलीचे वजन साधारण वीस-पंचवीस ग्रॅम. चाळीस-पन्नास बाटल्या वेचल्या की किलो भरतो. वेफर्सच्या छोट्या पाकिटाचे वजन तीन-चार ग्रॅम. किलो व्हायला अडीचशे-तीनशे वेळा वाकायचे, आणि एवढे वाकूनही दुकानदार म्हणणार, "हे नको." कारण वेफर्सपासून शाम्पूच्या पुडीपर्यंतची ही पाकिटे थराथरांनी बनलेली असतात आणि ते थर सहजी सुटत नाहीत. ती दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गात मोडतात, आणि तेथे नियमही 10 अन् 5 टक्क्यांवर थबकतो. आज जे बनवता येत नाही, त्याची सक्ती करून काय उपयोग, हा त्यामागचा व्यवहार. पण डोंगर वाढतो तो मुख्यतः याच मालाने.

उत्तनच्या किनाऱ्यावर एक कोळीणमावशी जाळ्यातला माल निवडत होत्या. येथले कोळी बोंबलासाठी डोल लावतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधलेले पिशवीसारखे लांब जाळे. ते माशांच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते आणि पाण्याबरोबर येईल ते आत अडकते. पूर्वी मासे येत, हल्ली माशांबरोबर पिशव्याही येतात.

"मावशी, यातले किती मासे आणि किती कचरा?" मी विचारले.

"मासळी विकायला बसते बाबा, कचरा मोजायला कुठे बसू?" त्या हात न थांबवता म्हणाल्या. "तो निवडायचे मला कोणी पैसे देत नाही."

कंपन्यांच्या हिशेबात टक्के असतात, राजपत्रात तक्ते असतात. या मावशींच्या मजुरीचा रकाना मात्र कुठल्याही तक्त्यात नाही.

खोटी पावती

नियम आला की पळवाट येतेच. कंपन्यांनी आपले प्लॅस्टिक पुन्हा कामी लावल्याचा दाखला मान्यताप्राप्त कारखान्यांकडून घ्यायचा आणि सरकारी पोर्टलवर भरायचा, अशी व्यवस्था आहे. दाखला हा विकत मिळणारा कागद. 2023 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काही कारखान्यांची तपासणी केली, तेव्हा मोजक्या चार कारखान्यांनी मिळून सहा लाखांच्या आसपास खोटे दाखले दिल्याचे आढळले. प्लॅस्टिक गटारात आणि पावती कपाटात! त्यांवर कारवाई झाली, ही समाधानाची गोष्ट.

जुन्या मालाच्या टक्केवारीत अशी फसवणूक करणे आणखी सोपे आहे. बाटली हातात घेऊन तिच्यात 30 टक्के जुने आहे की 3 टक्के, हे तुम्हा-आम्हाला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतही ते सोपे नाही. त्यासाठी खरेदी-विक्रीची वहीच तपासावी लागते: किती भंगार आत आले, किती दाणा बाहेर पडला. जुने प्लॅस्टिक असलेल्या वेष्टनावर त्याचे प्रमाण छापावे, असा नियम आहे. तो मजकूर शोधून वाचणारे गिऱ्हाईक वाढले, तर छापणाऱ्याला थोडा तरी धाक राहील.

आणि एक विचार. जुन्या मालाची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ कोणाच्या पदरात पडणार? वेचणाऱ्या बायकांच्या, की मधल्या दलालांच्या? पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. त्या बायकांना ओळखपत्रे मिळाली, घरोघरी जाऊन कचरा घेण्याचा हक्क मिळाला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून "परिसर विकास" हे काम असेच चालवले. जेथे या बायकांची संघटना आहे, तेथे माल घराच्या दारातच स्वच्छ हाती पडतो. नाही तेथे तो ढिगातून, कुजक्या अन्नातून उपसावा लागतो. अन्नाची बाटली होण्याजोगा दाणा ढिगातून निघत नाही. तो दारातूनच निघतो.

डब्यापाशी

सगळी साखळी उलटी चालत आलो, की शेवटी आपण आपल्याच ओट्याखालच्या डब्यापाशी येऊन उभे राहतो. कायद्याने कंपनीला बांधले आहे. पण तिच्या बाटलीत घालायचा माल आपल्या डब्यातून स्वच्छ निघाला नाही, तर त्या टक्क्यांना आधार कुठला? मग उरतात दोनच वाटा: खोटा दाखला, नाहीतर मुदतवाढ.

आपल्या हाती असलेली कामे अगदी किरकोळ आहेत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नये. तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. तिला पाण्याने विसळून ओट्याच्या कडेला उपडी टाकावी. महिन्याला तिचे चार पैसेही येतात, हे आपल्या आयांना चांगले ठाऊक होते. पाण्याच्या बाटलीत फिनेल, रॉकेल भरू नये. बाटली रिकामी करून, चेपून, सुक्या कचऱ्यात टाकावी. झाकण राहिले तरी हरकत नाही, हौदातले पाणी त्याची निवड करील. तेलाचा डबा पुसून द्यावा. आणि थराथरांचे चकचकीत पाकीट घेताना एवढे ध्यानात असावे, की याला पुढे कोणी गिऱ्हाईक नाही.

आमच्या मजल्यावरून सुका कचरा नेणाऱ्या बाईंना मी विचारले, की आम्ही तुमच्यासाठी काय करावे? मला वाटले, दिवाळीची बक्षिशी मागतील. त्या म्हणाल्या, "दादा, दिवाळीत लई माल निघतो. फराळाचा खरकटा कागद आणि बाटल्या एका पिशवीत भरू नका, एवढं सांगा सगळ्यांना. धुवायला आमच्याकडे पाणी नसतं."

त्यांचा निरोप मी मजल्यावर सांगितला आहे, तुम्हालाही सांगतो. या दिवाळीत घर झाडाल तेव्हा दोन पिशव्या ठेवा, एक ओल्याची आणि एक सुक्याची.